दुपारची गोळी

धाकटा : पिशवी सोड, ताई.

ताई : आधी सांग, फरशीकामाच्या पिशवीत आज काय हवंय तुला? पाठ मोडली तेव्हापासून सात महिने थापीला हात लावला नाहीस.

धाकटा : तळाशी जुनं पाकीट आहे. गोळ्यांचं. चार उरल्यात.

ताई : म्हणजे डॉक्टरबाईंसमोर ‘सगळ्या ताईकडे दिल्या’ म्हणालास, ते...

धाकटा : खोटं. दे सुळावर. हे बघ, अंगावर काटा. नाक गळतंय, पोटात काही ठरत नाही, जांभया देऊन जबडा दुखला. दिवसाच्या चारच्या तीन केल्या तर ही गत! त्या चारही एकदम घेतो. तासभर तरी माणसात येईन.

ताई : अरे, अफूच्या कुळातलं औषध ते. हळूहळूच सुटतं. तीन आठवडे तीनवर थांबा, घाई नको, असं बाईंनी लिहून दिलंय.

धाकटा : ‘थोडा त्रास होईल’ असंही म्हणाल्या होत्या. थोडा! मीच नेभळट. जा, तू शिलाई मशीनवर बस. गिऱ्हाईक खोळंबलंय.

ताई : दुपारनंतर जास्त होतं ना?

धाकटा : रोज. ऊन कललं की हाडं पिळून काढल्यासारखी... तुला काय ठाऊक?

ताई : सहज विचारलं.

धाकटा : सोड ना गं! पाया पडतो. भाऊ म्हणून नको, दारातलं कुत्रं समजून सोड.

ताई : नको घेऊस. श्वास थांबेल तुझा.

धाकटा : इतके महिने रोज चार घेत होतो. थांबला का?

ताई : त्या दिवसभरात एकेक करून, आणि तेव्हा अंगाला सवय होती. आता तू तीनवर नाहीस. दोनवर आहेस.

धाकटा : काय?

ताई : दुपारची गोळी कॅल्शियमची होती. माझ्या गुडघ्यांची. तश्शीच पांढरी, गोल.

(मशीनवरचं कापड घसरून खाली पडतं. कुणीच उचलत नाही.)

धाकटा : किती दिवस?

ताई : अकरा.

धाकटा : अकरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून स्वतःला शिव्या घालतोय. आणि तू पाठ चोळत ‘धीर धर राजा’ म्हणत होतीस!

ताई : तुझी बायको म्हणाली ना, गोळ्या सुटल्या की लेकीला घेऊन परत येते. मला वाटलं, टाके जरा लांब घातले तर लवकर उरकेल. सगळंच उसवलं. मार मला.

धाकटा : हात कापतायत. मारताही यायचं नाही नीट.

ताई : थांब, बाईंना फोन लावते... हॅलो, मी फरशीवाल्याची बहीण. चूक झालीय बाई, माझ्याकडून. दुपारची गोळी मी बदलत होते... अकरा दिवस... नाही, अजून घेतल्या नाहीत... शुद्धीत आहे, भांडतोय... बरं, मनाने कमी नाही, जास्त नाही... हो, ओरडा. हक्कच आहे तुमचा.

धाकटा : काय म्हणाल्या?

ताई : आत्ता निघा म्हणाल्या. किती द्यायच्या ते तपासून त्याच ठरवतील. थोडं परत वर जावं लागलं तरी ती हार नव्हे, असं तुला सांगायला सांगितलंय. आणि त्या चार त्यांच्या टेबलावर ठेवायच्या.

धाकटा : ताई... तीनवर जमलं असतं का गं मला?

ताई : जमत होतं रे. मीच जमू दिलं नाही.

धाकटा : घे पाकीट. तूच धर.

ताई : माझ्यावर विश्वास आहे अजून?

धाकटा : नाही. पण जिना उतरायला खांदा लागेल.