डॉक्टर चहा पीत नाही

हॅलो?

…मीच बोलतेय. बाबांना रिंग कुठे ऐकू येते, ते कसे उचलतील?

…हो, बघितली. सकाळची मुलाखत ना? बघितली की, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

…छान दिसत होतीस. निळा रंग शोभतो तुला.

…नाही गं, रागावून काय करू? अगं ऐक ना, मला एवढंच सांग. ते वाक्य तुझं तू बोललीस, की कुणी लिहून दिलं होतं?

…कुठलं म्हणजे! 'डॉक्टरचा चहाचा कप तसाच भरलेला दिसतो, ती कंटिन्युइटीची चूक होती.' हे वाक्य. वर हसलीस पण.

…हो, हो… चॅनेलवाल्यांनी सांगितलं, हो… पण तोंड तुझं होतं ना, छोटे?

…नाव घेतलं नाहीस, हे खरं. उपकार झाले! कुठली वस्तू कुठल्या शॉटमध्ये कशी होती, ती कंटिन्युइटी सगळ्या सेटवर बघणारी मी एकटी. नाव कशाला घ्यायला हवं होतं?

…थांब. ताई-ताई करू नकोस, मला बोलू दे. तीन वर्षं तो कप मी भरलेला ठेवला. आपल्या मालिकेत मालक मेल्यापासून डॉक्टर त्या घरात चहा पीत नाही. कप उचलतो, ओठाला लावतो, खाली ठेवतो. कारण मालकाला विष त्यानंच चहातून दिलं होतं, आता त्याला तिथला घोट उतरत नाही. हे कुणाच्या डोक्यातून आलं होतं? लेखिका कोण होती? माझ्या ओट्यावर पाय हलवत बसून तू सांगितलंस, 'ताई, कुणी एक शब्द बोलणार नाही. फक्त कप दिसेल.'

…तेच म्हणतेय. काय अभिमान वाटला होता मला त्या दिवशी!

…आणि मी? आगपेटीची काडी बुडवून चहा मोजायचे गं मी. शॉटच्या आधी, शॉटच्या नंतर. तो नट बिचारा तलफेचा माणूस, एकदा चुकून घोटभर प्याला, तर सगळ्यांसमोर शॉट परत घ्यायला लावला मी. दिग्दर्शक खेकसले, 'एका घोटानं काय आभाळ कोसळतंय?' तुझ्या गोष्टीत कोसळणार होतं, म्हणून गप्प ऐकून घेतलं.

…लोकांनी ओळखलं म्हणून?

…अगं, ओळखावं म्हणूनच तर ठेवला होता ना कप!

…धक्का? धक्का काय, गर्दीत कुणीही देतं. मालिका हुशार कधी म्हणायची? बघणारा कपाळावर हात मारून म्हणतो, 'अरे, हे तर डोळ्यांसमोरच होतं,' तेव्हा. प्रेक्षकाला अक्कल आहे असं धरून चालायचं, हे तूच मला शिकवलंस. आणि त्यानं अक्कल दाखवली तर तुम्ही पळून गेलात?

…म्हणून ड्रायव्हर! कालच्या भागात एकदम ड्रायव्हर खुनी! तीन वर्षांत त्याला स्वयंपाकघराच्या आत तरी घेतलंत का? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासी एक नाही, दोन. एक तो आणि एक मी.

…काय हवंय?

…वह्या? माझ्या, सेटवरच्या नोंदींच्या? कशाला?

…अस्सं. म्हणजे ड्रायव्हर कुठल्या भागात घरात आला होता, हातात काय होतं, ते माझ्या वह्यांतून हुडकायचं. शेवटच्या भागात ती जुनी दृश्यं दाखवायची आणि खून त्याच्या गळ्यात बांधायचा. …वा गं वा! चुका करणारीच्या वह्या कशाला लागतात तुम्हाला?

…रडू नकोस. …रडू नकोस म्हटलं ना. …माहितीय, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. माझ्याही नोकरीचा आहे. दुपारीच एका निर्मात्याचा फोन आला, पुढच्या महिन्याचं काम दुसरीला दिलंय. बोलला अगदी गोड, पण दिलं.

…तुला कसं माहीत असणार! परक्यानं केलं असतं तर जाऊन भांडले असते. तू केसानं गळा कापलास, छोटे. आपलीच आहे म्हणून मीच मान पुढे केली होती.

…बाबांचं विचारतेस? ऐक मग.

ते मालिका कशी बघतात तुला माहितीय. ऐकू येत नाही, म्हणून हात बघतात, भांडी बघतात, कोण कुणाकडे बघतंय ते बघतात. मी घरात चकार शब्द काढला नव्हता, तरी दुसऱ्याच महिन्यात म्हणाले, 'डॉक्टर चहा पीत नाही. तोच खुनी.' सगळ्या जगाआधी! …हो ना. आणि हल्ली विसरायला लागल्यापासून तेवढाच आधार होता गं त्यांना. चष्मा फ्रिजमध्ये सापडला की म्हणायचे, 'असू दे, डॉक्टरला तर मी पकडलाय.'

…काल? काही नाही. टीव्ही बंद केला. मग म्हणाले, 'माझंच चुकलं. डोकं गेलं आता.' आणि स्वतःजवळची घराची किल्ली माझ्या हातात दिली. 'मी हरवेन, तूच ठेव.'

…हो, किल्ली.

…सकाळी तू टीव्हीवर दिसलीस, तर खुर्चीतून उठलेच! 'आपली छोटी, आपली छोटी!' मग पेन माझ्या हातात कोंबलं. 'काय म्हणाली? लिही लवकर.'

…काय लिहिणार होते मी? सांग ना. तुमच्या एका मुलीनं दुसरीला खोटं पाडलं, असं?

…लिहिलं, 'छोटी म्हणाली, खुनी डॉक्टरच होता. माझ्या वडिलांनी सगळ्यांत आधी ओळखलं. मग लोकांनीही ओळखलं, म्हणून आम्ही घाबरून शेवट बदलला.'

…खोटं कसं? एक शब्द तरी खोटा आहे का त्यात? तू बोलली नाहीस, एवढंच.

…तीनदा वाचलं. किल्ली परत मागून घेतली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आता बूट घालताहेत. चार वाजता बागेत बाकावर त्यांची मंडळी जमतात, त्यांना दाखवायचाय.

…हो, ऐकलीच असणार त्यांनी मुलाखत. त्यांचे कान शाबूत आहेत.

…मी अडवू? …नाही. …नाही म्हटलं ना. आणि कागदही काढून घेणार नाही. हसतील ना ते सगळे, माहितीय मला. मी काय सांगू बाबांना? मी आधीच एकदा तुझ्या वतीनं लिहिलंय.

…तूच सांग. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा यावं लागेल. रिक्षानं वीस मिनिटं लागतात तुला. त्यांना बागेत पोचायला पंचवीस, गुडघे दुखतात. मंडळींसमोर उभी राहा आणि कागदावर आहे तेच तोंडानं बोल.

…वह्यांचं आत्ता काढू नकोस. …छोटे, हात जोडते, वह्या-वह्या करू नकोस!

…ते विचारताहेत, कुणाचा फोन. …काय लिहू? 'छोटी येतेय' लिहू?

…बोल ना. पेन हातात घेऊन उभी आहे मी.

…छोटे?

…हॅलो? …हॅलो?

…हो बाबा, थांबा, लिहिते. राँग नंबर.