लोवेलचा आठवडा

नाव: वर्ना टोलेफसन. वय: ६७ वर्षे. धंदा: फेरीबोटीवर स्वयंपाकी, आता निवृत्त. राहणार: घर क्रमांक १४, धक्का रस्ता, टर्न हार्बर, वॉशिंग्टन राज्य.

आज गुरुवार, दि. २५ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी साडेदहा वाजता मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून डेप्युटी केसलर यांच्यासमोर बसून सांगते की,

मी, डेलमार पेट्रिच आणि लोवेल क्विस्ट अशा तिघांनी सहा वर्षांपूर्वी ‘हुल्डा’ नावाची छत्तीस फुटी जुनी ट्रॉलर बोट विकत घेतली. ती मासेमारीची नाही, राहून फिरायची आहे. एकट्याने घ्यायची तर पांढरा हत्ती पोसण्यासारखे होते. धक्क्याचे भाडे, डिझेल, दर वर्षी तळाला रंग. तिघांत परवडत होते. आम्ही एकमेकांचे नात्याने कोणी नाही. डेलमार विधुर आहे, मी लग्न केले नाही आणि लोवेलला बोटीशिवाय कोणी नव्हते.

भरती-ओहोटीच्या छापील वहीत पेन्सिलीने ज्याच्या त्याच्या नावाचे आठवडे लिहायचे, अशी आमची पद्धत. आठवडा शनिवारी दुपारी बाराला संपतो. बोट पुढच्याला देताना टाक्या भरायच्या, भांडी धुवायची, इंजिन किती तास चालले ते नोंदवहीत लिहायचे. ही शिस्त लोवेलची. दोर डेकवर चकलीसारखा वेटोळे घालून ठेवायचा, हाही त्याचाच हट्ट. माझी चकली कधी जमली नाही. त्यावरून तो मला सहा वर्षे बोलला.

या फेब्रुवारीत लोवेल झोपेतच गेला. त्याने वर्षभराचा आपला वाटा आधीच भरला होता, म्हणून हे वर्ष बोट विकायची नाही असे ठरले. वहीतले त्याचे आठवडे आम्ही खोडले नाहीत. ज्याने पैसे भरले त्याचा आठवडा पळवणे बरे दिसत नाही.

मे महिन्यात लोवेलच्या आठवड्यानंतर माझी पाळी होती. इंजिनाच्या मीटरवर नोंदवहीपेक्षा अकरा तास जास्त दिसले. टाक्या काठोकाठ भरलेल्या. मला वाटले, डेलमार गुपचूप जाऊन आला. मित्र गेला आहे, एकट्याने रडावेसे वाटले असेल. मी विचारले नाही. जुलैत एकोणीस तास जास्त. तेव्हाही विचारले नाही. आमच्या गावात माणूस बुडत असला तरी आधी “तुम्हाला उगाच त्रास देतोय” म्हणतो. ही चूक माझी आहे, ती लिहून घ्यावी.

ऑगस्टमध्ये धक्क्यावरच्या खानावळीत आम्ही दोघे ब्लॅकबेरीचा केक खात बसलो होतो. तेव्हा डेलमार म्हणाला,

“वर्ना, जादा आठवडा हवा होता तर सांगायचंस. मी काय नाही म्हणालो असतो?”

“मी? अरे, तूच जात होतास ना?”

“माझा गुडघा बघ. धक्क्याची शिडी उतरताना देव आठवतो मला.”

“मग कोण?”

त्याने काटा खाली ठेवला. ब्लॅकबेरीचा केक डेलमारने टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बोटीच्या चाव्या तीन आहेत. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तिसरी लोवेलच्या निळ्या कोटात होती आणि त्याला त्या कोटासकट पुरले आहे.

१३ सप्टेंबरपासून लोवेलचा आठवडा होता. डेलमार म्हणाला, मी बोटीवर मुक्कामालाच जातो.

“वेड लागलंय का तुला? थांब, मीपण येते.”

“आठवडा लोवेलचा. त्यात आपण किती जणांनी घुसायचं? चोर असला तर दम देईन, लोवेल असला तर कॉफी पाजेन.”

मी हसले. हसायला नको होते.

गुरुवारी, १८ तारखेला दुपारी तीन वाजता माझ्या घरच्या वायरलेसवर तो बोलला. म्हणाला, ग्रीब खाडीत नांगर टाकून आहे, पाणी अगदी शांत आहे. मी विचारले, कोणी आले का?

“कोणी नाही गं. पण वर्ना, मी अजून एकदाही इंजिन सुरू केलेलं नाही.”

“मग तिथं पोचलास कसा?”

तो म्हणाला, “शनिवारी बाराच्या आत येतो. तू काळजी करू नकोस.” आवाज घाबरलेला नव्हता. त्यानंतर वायरलेस लागला नाही. मी तेव्हाच ठाण्यात कळवायला हवे होते. ‘येतो’ म्हणाला होता, म्हणून कळवले नाही.

शनिवारी पावणेबाराला मी धक्क्यावर गेले. बोट आपल्या जागी बांधलेली होती. बंदरात येताना ती कोणी पाहिली नाही. इंजिन गरम होते. टाक्या भरलेल्या. दोन कप धुऊन पालथे घातलेले. डेलमारचे बूट, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या केबिनमध्ये होत्या. किनाऱ्यावर जायची छोटी होडी जागच्या जागी टांगलेली होती. नोंदवहीत बावीस तास लिहिले होते, अक्षर डेलमारचे. डेकवर दोर चकलीसारखा ठेवला होता. डेलमारलाही ती चकली जमत नाही. डेलमार बोटीवर नव्हता.

चार दिवस खाडीत शोध झाला, काल तो थांबवला. तुमचे म्हणणे असे की म्हातारा माणूस, पाय घसरला असेल. असेलही. पण मला डेलमार हवा आहे. जिवंत हवा आहे. हे मी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तोंडाने बोलते आहे आणि तेही पोलिसापुढे. त्याला सांगितले असते तर तो कदाचित गेला नसता.

बोट काल तुम्ही मला परत दिली. चालू आठवडा माझा आहे. इथे बोट बाहेर काढणाऱ्याने कुठे जातो, कधी परत येतो आणि बरोबर किती माणसे, हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जायचे असते. मी नेहमी डेलमारला सांगत असे. म्हणून आता तुम्हाला सांगते. आज दुपारी दोनला ग्रीब खाडीकडे निघते आहे. शनिवारी बाराला परत. डेप्युटी केसलर यांनी जाऊ नका असे दोनदा सांगितले, ते मी ऐकून घेतले आहे.

वरील मजकूर डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. माणसांची संख्या लिहायची राहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून आता लिहिली: जाताना एक, येताना दोन.

सही: वर्ना टोलेफसन