पूर्ण वाक्यात बोला

...आणि वर म्हणतात, हसा! अहो, कसं हसणार? सकाळी सहाला बोलावलेलं, दुपारचे दोन वाजलेले, छातीवर सतरा नंबरचा बिल्ला, आम्ही वीस जण एका बिनखिडकीच्या खोलीत, भिंतीपलीकडे कांदा परततोय, लोणी वितळतंय, वास इकडे येतोय, आणि आमच्या पोटात काय? एक केळं! तेही सकाळचं! तुम्हाला सांगतो, टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत माणूस भुकेने मरू शकतो हे मला तिथे कळलं. विचारलं, जेवण कधी? तर एक बाई हातात पुठ्ठा घेऊन फिरत होत्या, त्या म्हणाल्या, "सतरा नंबर, पोट भरलं की चेहरा सुस्त दिसतो." आता माझा चेहरा! पंचवीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतोय, माझ्या चेहऱ्याकडे आजवर कुणी ढुंकून बघितलं नाही...

हसू नका, पुढच्या रांगेतले वकीलकाका. उपाशी होतो हो मी!

तर मी केलं टोमॅटोचं सूप. पाऊण तासात, गरमागरम, वाफा निघतायत... आणि परीक्षक चाखायला आले कधी? अडीच तासांनी! मधे दिवे बदलले, कोट बदलले, एकाची मिशी सारखी केली, तोवर माझ्या सुपावर साय धरली, साय! परीक्षक साहेबांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मी त्यांच्या घरातलं काही चोरलं असावं असं माझ्याकडे बघून म्हणाले, "हे... गार आहे." अहो, तुम्ही अडीच तास टेबलावर पडून राहा, तुम्हीही गार व्हाल! पण बोललो का असं? छे! मान खाली घालून म्हणालो, "चुकलं, सर." दिग्दर्शक ओरडला, "छान! अजून एकदा घेऊ!" एकाच सुपासाठी चार वेळा चुकलो मी.

मग मला एका खुर्चीत बसवलं. डोळ्यांवर दिवा, समोर त्या पुठ्ठेवाल्या बाई, त्यांच्या शेजारी टेबल, टेबलावर बशी, बशीत सँडविच. चीज वितळून कडेने बाहेर आलेलं... "दोन मिनिटं बोला, मग हे तुमचंच. फक्त पूर्ण वाक्यात बोला हं, दाखवताना आमचा प्रश्न आम्ही कापतो. स्वयंपाक कुणाकडून शिकलात?" मी म्हणालो, "मी स्वयंपाक माझ्या बायकोकडून शिकलो." पूर्ण वाक्य! आणि खरं! लग्न झालं तेव्हा मला धड चहा करता येत नव्हता हो, हिने शिकवलं, मिठाचा अंदाज कसा घ्यायचा, गॅस कधी बारीक करायचा, सगळं. पण बाईंनी नाक मुरडलं. "सगळे हेच म्हणतात हो! काहीतरी वेगळं? समजा, तिला येतच नाही, म्हणून तुम्हाला शिकावं लागलं... बोलून तर बघा, नाही आवडलं तर कापू." आणि बशी अशी, एवढीशी, पुढे सरकवली.

उपाशी होतो हो मी!

बोललो. "माझ्या बायकोला स्वयंपाक येत नाही." "छान! अजून एकदा घेऊ, जरा हसून." हसून बोललो. सँडविच खाल्लं. सांगायला लाज वाटते... चांगलं होतं.

आणि कापलं हं त्यांनी! केळं कापलं, अडीच तास कापले, बायकोकडून शिकलो ते कापलं. ते एक वाक्य तेवढं ठेवलं. दोनदा दाखवलं, जाहिरातीच्या आधी आणि जाहिरातीच्या नंतर.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी तुम्ही सगळे माझ्या घरी. चाळीस माणसं, पार जिन्यापर्यंत! प्रत्येकाच्या हातात बशी, बशीत हिने केलेले कटलेट. नवरा टीव्हीवर येणार म्हणून दोन दिवस राबली होती. आणि टीव्हीतला मी दात काढून म्हणतो, हिला स्वयंपाक येत नाही... तळमजल्यावरच्या मावशी, तुमचा घास तोंडातच राहिला, बघितलं मी. कुणी चावेना, कुणी गिळेना. आणि ही? ही उठली, ताट घेतलं, पुन्हा सगळ्यांना वाढू लागली. "घ्या ना. अजून एक घ्या." माझ्यापाशी आली, मला मान वर करता येईना. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, शप्पथ सांगतो. पुटपुटलो, "अगं, उपाशी होतो मी..." ती म्हणाली, "पंचवीस वर्षांत मी ठेवलं होतं का कधी?"

  

मग आठ दिवस वेळेवर ताट, चव तीच, मीठ बेताचं. पण बोलणं बंद! ओरडली असती, ताट आपटलं असतं, तर घास तरी उतरला असता. मी तिला केळ्यापासून सगळं सांगितलं, दिवा, बशी, दिग्दर्शक, सगळं. शेवटी म्हटलं, काय करू म्हणजे बोलशील? म्हणाली, "त्या दिवशी ज्यांनी ऐकलं त्यांना बोलवा. आणि पूर्ण वाक्यात बोला."

म्हणून हा हॉल, म्हणून या खुर्च्या. हो वकीलकाका, येतोय मुद्द्यावर... "मी स्वयंपाक माझ्या बायकोकडून शिकलो, आणि तिला स्वयंपाक येत नाही हे मी एका सँडविचसाठी खोटं बोललो."

झालं. टाळ्या नकोत, मावशी, बसा खाली... का गं? मागच्या रांगेतून बोट का वर केलंस?... काय?

ऐकलंत? ही म्हणतेय, "छान. अजून एकदा घेऊ."

घेतो बाई, घेतो. आज काय, उपाशीही नाही मी... तिच्याच हातचं पोटभर जेवून उभा आहे.