सहा पेले

(पूर्व स्लोव्हाकियातलं एक गाव, १९९२. ज्यूंचा वल्हांडण सण आठवड्यावर आलाय. एटेलाच्या दारात पाउलीना उभी आहे, हातात दोरीनं बांधलेली पेटी.)

एटेला : पेटी खाली ठेव आधी. आणि दारात रडू नकोस, शेजारपाजार बघतोय.

पाउलीना : ओळखलंत मला?

एटेला : न ओळखायला काय झालं? भिंतीला भिंत लागून घरं होती आपली. शिंप्याची पाउली तू. आणि हे 'ओळखलंत' कधीपासून गं? माझ्याच कडेवर बसून माझ्याच वेण्या ओढायचीस.

पाउलीना : आई जानेवारीत गेली. तिचं कपाट आवरायला घेतलं, तर... एटाताई, ही पेटी तुमची आहे.

एटेला : कळलं. झाकणावर माझ्या आईचं अक्षर आहे.

पाउलीना : तुम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून नेलं ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात चौकात तुमच्या सामानाचा लिलाव झाला. आईनं बोली लावली. मी दहा वर्षांची. पेटी मीच उचलून घरी आणली. नाचत.

एटेला : कुणालाच काही वाटलं नाही?

पाउलीना : सगळेच घेत होते, ताई.

एटेला : सगळेच घेत होते म्हणे! बरं. पुढे बोल.

पाउलीना : पण जपलंय हो! ताटं बघा, पेले बघा, एकाचा टवका उडालेला नाही. तुमची आई ही पेटी वर्षातून एकदाच, ईस्टरच्या सुमाराला काढायची, हे आईला ठाऊक होतं. म्हणून आम्हीही रोज नाही वापरली. फक्त ईस्टरला. अगदी मानानं मांडायचो.

एटेला : वाढायचात काय?

पाउलीना : ईस्टरला असतं तेच की. हॅम, अंडी, आणि आईच्या हातचा गोड पाव. पेल्यात दूध, त्यात बुडवून खायचो.

एटेला : पाव!

पाउलीना : हो. का? हसताय काय अशा?

एटेला : अगं बये! हसू नको तर काय करू? वल्हांडणाचे आठ दिवस आमच्या घरात पावाचा कण चालत नाही. ही त्या सणाची सोवळ्यातली भांडी! आई पुसायचं फडकंसुद्धा वेगळं ठेवायची. आणि तुम्ही पन्नास वर्षं त्यात पाव बुडवलात!

पाउलीना : देवा रे! आम्हाला वाटायचं, आम्ही मान राखतोय.

एटेला : मान राखायचा होता तर मी आले तेव्हा राखायचा होतात. लढाई संपल्यानंतरचा पहिला वल्हांडण. परतलेली मी एकटीच. तुमचं दार ठोठावलं. दार कुणी उघडलं गं?

पाउलीना : मी.

एटेला : काय म्हणालीस?

पाउलीना : "आमच्याकडे तुमचं काही नाही." आई आत पेले पुसत होती. किणकिण होत होती. तुला... ऐकू आली होती?

एटेला : आली होती.

पाउलीना : ताई, तेव्हापासून तुझी गल्ली टाळत आले मी. मला माफ कर.

एटेला : माफीचं मला विचारू नकोस. घरात सहाजण होतो आम्ही. मी एकटी काय सांगू?

पाउलीना : मग पेटी परत नेऊ?

एटेला : ताटं ने. चिनी मातीला आता उपाय नाही. पेल्यांच्या काचेला आहे, ती पुन्हा सोवळ्यात येते. तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, रोज पाणी बदलायचं. पण माझं आता वय झालं. भरलेली बादली उचलत नाही मला.

पाउलीना : मी येते ना! उद्या येते, परवा येते. बादली कुठाय? मोरीत? ही बघ, भरलीसुद्धा. ताई, सगळे भिजवू? तुला एकटीला तर एकच लागेल.

एटेला : त्या दिवशीही मी एकच मागायला आले होते, पाउली. भिजव, सहाही भिजव.