टेबलाखालचे बाबा

बिघडलेला कीबोर्ड काखोटीला मारून शिंपीणबाई कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं दुकानदाराशी बोलत होतं. बाईंनी आपसूक कान टवकारले.

"डेस्कटॉपला यूएसबी पोर्ट वाढवायचेत. मागचा सैल झालाय, कॅमेऱ्याची वायर दाबून धरावी लागते."

"कोण धरतं, काका?"

"मीच. टेबलाखाली बसून."

"लेकीचा व्हिडिओ कॉल संपेपर्यंत हे खाली!"

"हिच्या गप्पा आवरत नाहीत, त्याला मी काय करू?"

"आणि लेक विचारते, बाबा रुसलेत का? समोर कधी येत नाहीत."

"मग खरं सांगायचं ना, काकू!"

"सांगितलं तर ती नवा कॉम्प्युटर धाडेल. हे म्हणतात, आपला चांगला धडधाकट आहे."

"आहेच मुळी!"

"बरं, हा हब घ्या. पुढच्या पोर्टात लावला की एकाचे चार पोर्ट होतात, आणि टेबलावरच राहतो. याला विजेचा वेगळा प्लग आहे, त्यामुळे कॅमेरा, प्रिंटर एकदम लावलेत तरी मान टाकणार नाही."

"धरून बसावं नाही ना लागणार?"

"अजिबात नाही."

काकांनी हब पिशवीत टाकला. काकू मात्र जागच्या हलेनात.

"आता काय राहिलं?"

"खुर्ची घ्यायला हवी. टेबलापाशी एकच आहे."