झाग्रेबला राहिलेली मारिट

ल्युब्लियाना स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन डच मुली पाठपिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"फेम्के, मारिट झाग्रेबला पाव आणायला उतरली आणि गाडी सुटली. आपण परत जाऊया."

"वेडी आहेस? युरोपभर फिरायचा पास आपला, त्यातला आजचा दिवस वाया जाईल!"

"अगं, मैत्रीण आहे ती आपली."

"म्हणूनच समजून घेईल. आज व्हेनिस, उद्या म्युनिक, ठरलंय ना?"

"व्हेनिसला तरी स्टेशनबाहेर पडायचं का?"

"वेळ कुठाय? पाणी खिडकीतून दिसतं की."

"थांब, मारिटचा फोटो आलाय."

"रडतेय?"

"छे, चौकात बसून चीज भरलेली गरमागरम श्ट्रुक्ली हाणतेय. लिहिलंय, स्टेशनबाहेर अख्खं शहर असतं गं!"

"बिच्चारी! पास फुकट गेला तिचा."