सरकारमान्य सवत

समारंभाचे अध्यक्ष पास्टर ग्रिम्सली, व्यासपीठावर विराजमान झालेले काउंटीचे जज्जसाहेब, चर्चच्या स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या बायकांनो, खुर्च्यांवर बसलेल्या आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या क्लोव्हर फोर्क गावच्या तमाम बंधुभगिनींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर क्लेमंट हॅडली, जे माझे यजमान आहेत आणि ज्यांच्या टायला लागलेला हॅमचा रस्सा मला इथूनसुद्धा दिसतोय,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पास्टर आत्ताच कानात म्हणाले, "आयडाबेलबाई, थोडक्यात आवरा, केक कापायचाय." केक कुठं पळून चाललाय? एवढी वर्षं मी या माणसाची वाट बघत जेवणं गरम केली. आज केकनं माझी वाट बघावी.

तर, मघापासून भाषणं ऐकते आहे. फार छान बोललात सगळे. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोडलेला हात, कुणाच्या म्हाताऱ्याचा दमा. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच जोडी, डॉक्टर आणि ट्वायला. डॉक्टर आणि ट्वायलानं वाचवलं, डॉक्टर आणि ट्वायला धावून आले. डॉक्टर आणि आयडाबेल असं कुणाच्या तोंडून निघालं का? एकदा जज्जसाहेब म्हणाले, तेही आमच्याकडे जेवायला आल्यावर डंपलिंग कसे झाले होते ते सांगताना. आभारी आहे, साहेब.

ती बघा, ट्वायला सटर, तिसऱ्या रांगेत बसलीय, निळ्या ड्रेसमध्ये. दिसायला साधी आहे. साध्या बायकांची मला जास्त धास्ती वाटते. देखण्या बाईला निदान नावं तरी ठेवता येतात.

पोरासोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. ट्वायला आहे नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे नर्स झाल्यावर पुढं आणखी शिकलेली. ती तपासते, टाके घालते, औषध लिहून देते. पण आपल्या राज्याचा नियम असा, की एखाद्या डॉक्टरनं तिच्याशी सहकार्याचा करार केला तरच. डॉक्टर तिच्या दवाखान्यापासून ठरलेल्या मैलांच्या आत राहणारा पाहिजे, त्यानं दर पंधरवड्याला तिचे केसपेपर बघितले पाहिजेत, तिनं फोन केला की उचलला पाहिजे. डॉक्टरची सही नसली तर ट्वायलाला खोकल्याचं औषधही लिहून देता येत नाही. नियम बरा की वाईट हे मला विचारू नका. मी आठवीत शाळा सोडली आणि क्लेमनं डॉक्टर व्हावं म्हणून कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटत उभी राहिले. मला एवढंच कळलं, की मी पिसं उपटून डॉक्टर केलेला माणूस सरकारनं शिक्का मारून दुसऱ्या बाईला जोडून दिला.

हसा, हसा. तुमच्या घरी सरकारमान्य सवत असती म्हणजे कळलं असतं.

तो करार दरवर्षी नवा होतो. जानेवारीत हे दोघं नव्यानं सह्या करतात आणि मग समोरच्या हॉटेलात बसून राजम्याची चिली खातात. मी क्लेमला एकदा विचारलं, "आपल्या लग्नाचा करार कधी रे नवा करायचा?" तर म्हणाला, "आयडा, ट्वायला महिन्याची नोटीस देऊन मला सोडू शकते. तुला तशी सोय नाही, मग सह्या कशाला?" आता तोच खाली मान घालून हसतोय बघा.

आणि ते मैल! मला तळ्याकाठी घर हवं होतं. पुढं व्हरांडा असलेलं, पाण्याकडे तोंड केलेलं. सापडलंही होतं. क्लेमनं स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला, मुलीच्या शाळेच्या दप्तरातलं कर्कटक घेतलं, त्याचं टोक रोवलं ट्वायलाच्या दवाखान्यावर आणि गोल काढला. माझं घर त्या रेघेच्या जेमतेम बाहेर! पुढं तीच मुलगी, मार्वा, लग्न होऊन गेली, नातवंडं झाली, तिच्या गावाजवळ राहायला जाऊ म्हटलं. परत कर्कटक. ते तर गोलाच्या कितीतरी पलीकडे. नकाशाला त्या जागी भोक पडलंय, एवढ्यांदा टोक रोवलं. मी आयुष्यभर कुठं राहायचं, हे त्या बाईच्या दवाखान्याला मध्यभागी धरून ठरलं. कुणाच्या पोटात दुखणार नाही?

एकदा मी त्याच्यासोबत गेले. म्हटलं, बघू तरी दर पंधरवड्याला हे दोघं करतात काय. बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसले, दाराला काच आहेच. तर दोघं एका केसपेपरावर वाकलेले आणि तावातावानं भांडतायत! ती म्हणते, "डॉक्टर, ही सूज रक्तदाबाच्या गोळीची आहे." हा म्हणतो, "हृदयाची नाही कशावरून?" ती म्हणते, "मग इसीजी काढू." हा म्हणतो, "काढच." सगळं भांडण कशावरून, तर म्हाताऱ्या पर्व्हिसच्या घोट्यावरून. कॉफी निवून गेली तरी दोघांना पत्ता नाही. शेवटी सूज कशाची निघाली ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या घोट्यावरून असं जिवाच्या आकांतानं कुणी भांडलं नाही.

पर्व्हिस, मान हलवू नकोस. तुझा घोटा तसा काही बघण्यासारखा नाही.

असो. मग क्लेमनं निवृत्ती जाहीर केली. त्याच्या जागी शहरातले डॉक्टर कीटिंग सही करणार, असं ठरलं. मार्वाच्या घराजवळ भाड्यानं घर घेतलं. आमचा ट्रक भरून तयार आहे, उद्या निघायचं. कर्कटक मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं, आणि त्या दिवशी मला फार गाढ झोप लागली.

आणि आज सकाळी ट्वायला घरी आली.

क्लेम केस कापायला गेला होता. रिकाम्या स्वयंपाकघरात मी फरशी पुसत होते. तिच्या हातात एक कप. तपकिरी, कान तुटून चिकटवलेला.

"डॉक्टरांचा दवाखान्यातला कप, आयडाबेलबाई. म्हटलं, सामानात जाऊ दे."

माझ्या नवऱ्याचा कप दुसऱ्या बाईच्या फडताळात होता, हे मला एवढ्या वर्षांनी कळत होतं. मी घेतला आणि ठेवला. ती जाईना. दारात उभी. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "काय गं? निरोपाचं रडणं संध्याकाळी, हॉलमध्ये आहे. आत्ताच कशाला संपवतेस?"

"तसं नाही, बाई. कीटिंग नाही म्हणाले. काल फोन आला. एवढ्या लांबच्या दवाखान्याची जबाबदारी नको म्हणे."

"मग दुसरा कुणी?"

"सगळ्यांना विचारून झालं. सोमवारपासून दवाखाना बंद."

"क्लेमला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका."

"का?"

तर म्हणाली, "ते थांबतील, बाई. आणि तुमचा ट्रक भरून झालाय."

ऐकलंत? ते थांबतील! माझ्या नवऱ्याबद्दल, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून, एवढ्या खात्रीनं! मला नव्हती एवढी खात्री.

तिनं मला विनवायला हवं होतं. हात जोडले असते तर मी नाही म्हटलं असतं, तोंडावर दार लावलं असतं आणि आज सुखानं केक खाल्ला असता. पण तिनं काही मागितलंच नाही. लहान पोरीसारखी मान खाली घालून पायऱ्या उतरून गेली.

बसा, बसा. क्लेम, तूही बस. उठून कुठं चाललास? माझं भाषण चालू आहे. नंतर काय ते बोल.

मी सकाळपासून विचार केला. गप्प राहायचं, उद्या ट्रकमध्ये बसायचं, संपलं. दुपारपर्यंत तेच ठरलं होतं. पण मग माझ्या लक्षात आलं, की असं केलं तर मोठी कोण ठरणार? ट्वायला! दवाखाना गेला, पण डॉक्टरांच्या बायकोला नातवंडांजवळ जाऊ दिलं म्हणून. मी मार्वाच्या व्हरांड्यात बसणार ते हिच्या उपकारावर. आणि शेजारच्या खुर्चीत हा माणूस, एक ना एक दिवस कळल्यावर, याच डोंगराकडे तोंड करून बसणार. झुरायचंच असेल तर त्यानं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या घरात झुरावं. आणि त्या बाईचे उपकार? छे. ते मी घेणार नाही.

तेव्हा जज्जसाहेब, तुमच्या मुलांना सांगा, उद्या ट्रक उतरवायला यावं. डॉक्टरचा परवाना वर्षअखेरपर्यंत चालू आहे, हे मी दुपारीच त्याला विचारून घेतलं. कशाला विचारतेस म्हणाला, मी म्हटलं उगीच. तो सही करील. दुसरा डॉक्टर मिळेपर्यंतच, आणि तो मिळवायचं काम या हॉलमधल्या सगळ्यांचं. मार्वाला मी फोन केलाय. ती रडली. तिला म्हटलं, तू गाडी चालवायला शिकलीस ना, मग ये.

टाळ्या नकोत. माझी अटही आहे. केसपेपर यापुढं दवाखान्यात बघायचे नाहीत. दर पंधरवड्याला माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या टेबलावर. भांडायचं असेल तर माझ्यासमोर भांडायचं. आणि सुरुवात माझ्या घोट्यापासून करायची.

आता आभार. चर्चच्या बायकांचे, जेवणासाठी. बँडचे, तो वाजला त्याबद्दल. ज्यांनी निरोपाच्या भेटी आणल्या त्यांनी त्या परत मागू नयेत, आम्ही कधीतरी जाणारच आहोत. माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. लागलंच नसेल, तर माझ्या बोलण्यात काही कमी राहिलं असेल, तीही चूक पदरात घ्या.

ट्वायला, रडणं पुरे, निळ्या ड्रेसवर डाग पडतात. क्लेमचा कप माझ्या फडताळात एकटाच आहे आणि आता तिथंच राहणार. येताना तुझा कप घेऊन ये. माझे सगळे खोक्यांत आहेत, आणि नसते तरी तुला दिले नसते.